नव्या सुनेची कंबर

बोनकोडे, कोपरखैरणे

चि. सायली,


परवा हळदीला ओटीवरच्या बायका नव्या सुनेकडे बघून म्हणाल्या, 'कंबर बारीक आहे, बाळंतपण जड जाणार.' तू गप्प बसलीस. त्या पोरीचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीनं तिथं बोलायला हवं होतं.

अगं, बाहेरून दिसतात ते पेल्व्हिसचे, म्हणजे कमरेच्या हाडांचे, वरचे पसरट पंखे आणि त्यांवरचं मांस. बाळाची वाट त्यांच्या खाली, आतल्या कड्यातून जाते. ते कडं आडवं साधारण १३ सेंटीमीटर, पुढून मागे ११. बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ. जागा बेताचीच. म्हणून बाळ शिरताना बहुधा कुशीकडे तोंड करून शिरतं आणि खाली येताना वळतं, कारण खालच्या दाराशी पुढून मागचं अंतर जास्त असतं. कवटीची कोवळी हाडं एकमेकांवर सरकतात, आईचे सांधे सैलावतात. यातलं साडीवरून काय दिसणार? उंची फारच कमी असेल किंवा लहानपणी मुडदूस झाला असेल तर डॉक्टर आधीपासून सावध राहतात, ते वेगळं. बाकी खरी परीक्षा कळा सुरू झाल्यावरच.

आता तुझ्या अभ्यासाचं. पेल्व्हिस हातात घेतलंस की आधी भिंतीला लाव. पुढची वरची दोन टोकं आणि समोरचा सांधा, प्युबिक सिम्फिसिस, एकदमच टेकले पाहिजेत. उभ्या माणसात ते असंच पुढे कललेलं असतं. पुस्तकातल्या चित्रावरून हे कधी मनात ठसत नाही. मग समोरची कमान बघ. तर्जनी आणि मधलं बोट फाकवल्यावर होतो तेवढा कोन पुरुषाचा, अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होतो तेवढा स्त्रीचा. मागच्या खाचेत, सायॅटिक नॉचमध्ये, अंगठा घाल: पुरुषाच्यात तो घट्ट बसतो, स्त्रीच्यात हलायला जागा उरते. खुब्याची खोबण पुरुषाची मोठी. सेक्रम, कण्याच्या तळाचं हाड, स्त्रीचं आखूड नि रुंद.

पण एका खुणेवर निकाल देऊ नकोस. मी शिकत असताना माझ्याकडे अर्धा संच होता, म्हणजे एकाच बाजूचं हाड. मी माझं उजवं आणि मैत्रिणीचं डावं हाड जुळवून कोन काढला आणि तोंडी परीक्षेत 'स्त्री' म्हणून मोकळी झाले. सर काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही नॉचमध्ये अंगठा घालायला लावला. एक हाड पुरुषाचं होतं. दोन वेगळ्या माणसांचं मी एक माणूस केलं होतं, याची लाज मला मार्कांपेक्षा जास्त वाटली.

कितीतरी स्त्रियांचा कोन अरुंद असतो, पुरुषांचा रुंद. ती काही व्याधी नव्हे. म्हणून सगळ्या खुणा एकत्र तोल, आणि जमेना तर 'सांगता येत नाही' म्हण. तशी वेळ येतेच: शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत, जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली, आत लहान मुलं. मोठ्यांचं पेल्व्हिस बोलतं, पण या मुलांच्या नुसत्या हाडांकडे बघून मुलगा की मुलगी हे खात्रीनं सांगता येत नाही. हा फरक वयात येताना उमटतो. नितंबाची तीन हाडं खुब्याच्या खोबणीत जुळून येतात त्याच सुमाराला. तोवर सगळ्यांचं कडं जवळपास सारखंच.

रविवारी येशील तेव्हा हाडं घेऊन ये, स्वच्छ कापडात गुंडाळून. तीही कुणाची तरी आहेत. नव्या सुनेला मी बोलावलं आहे. ओटीवरच्या बायकांनाही. त्यांच्यासमोर ते कडं तिच्या हातात दे आणि तिचीच बोटं त्यातून फिरवून आण.

तुझी,
आत्या