हुंडणावळीचा दर आणि घरचा जमाखर्च

वाणिज्य शाखेत नाव घातले, की घरच्या जमाखर्चाची वही आपोआप आपल्या हाती येते. माझ्याही आली. आमचे घर बेळगावचे, आणि थोरला भाऊ दुबईत नोकरीला. तो दिरहम पाठवतो, इकडे आईच्या खात्यावर रुपये जमा होतात. बाबांची लाल वही मी ग्नूकॅश या विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. त्यात द्विनोंदी पद्धत आहे आणि निरनिराळ्या चलनांची खातीही ठेवता येतात.

2025 च्या डिसेंबरात मी या सर्व नोंदी एका एआय साधनाला दिल्या आणि सांगितले, "चलनाच्या नोंदी आजपर्यंतच्या करून दे." काम क्षणात झाले. मी मोठ्या अभिमानाने तो तक्ता बाबांपुढे ठेवला. दादाने 2024 च्या फेब्रुवारीत 2,000 दिरहम पाठवले होते. आईच्या वहीत त्याचे 45,000 रुपये जमा होते. माझ्या तक्त्यात 49,000. बाबांनी आईला विचारले, "मग वरचे चार हजार कुठे गेले?" आई काहीच बोलली नाही. उठून आत गेली.

मी पासबुक काढले. जमा 45,000 च होते. चूक आईची नव्हती, माझी होती. पैसे आले त्या दिवशी एका दिरहमाला 22 रुपये 50 पैसे मिळाले होते. साधनाने मात्र डिसेंबरचा 24 रुपये 50 पैसे हा दर सगळ्या जुन्या नोंदींना लावला होता. मी मोघम सांगितले, त्याने मोघम केले.

विद्यार्थिमित्रहो, इथे दोन गोष्टींत गल्लत झाली. एक व्यवहाराची नोंद, दुसरी दराची नोंद. व्यवहार ज्या दिवशी झाला, त्या दिवसाच्या दरानेच तो लिहायचा. पुढे दर चढो वा उतरो, ती नोंद बदलत नाही. आपल्या देशातील लेखांकन मानक 11 हेच सांगते. मात्र परकीय चलनात जी रोकड, येणी वा देणी शिल्लक असतील, त्यांची किंमत ताळेबंदाच्या दिवशी त्या दिवसाच्या दराने काढायची आणि पडलेला फरक नफा-तोट्यात दाखवायचा.

उदाहरण घेऊ. 22.50 च्या दराने नोंदलेले 3,000 दिरहम दुबईच्या खात्यात शिल्लक आहेत. तेव्हा त्यांची किंमत 67,500 रुपये होती. 24.50 दराने ती 73,500 होते. वाढलेले 6,000 हा दरातील फरकाचा नफा. तो कोणी पाठवलेला पैसा नव्हे. आणि जे 2,000 दिरहम रुपये होऊन खर्चून गेले, त्यांना आजचा दर लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ग्नूकॅशमध्येही दरांचा कोष नोंदींपासून वेगळा ठेवलेला असतो. तेव्हा एआय साधनाकडून काम घेताना पुढील पथ्ये पाळावीत, असे अनुभवाने वाटते.

1. साधनाकडून केवळ दरांचा तक्ता करून घ्यावा : तारीख, चलनाचे संकेताक्षर, दर, आणि तो कोणत्या चलनात आहे ते. असा तक्ता दरांच्या कोषात थेट भरता येतो. व्यवहारांची यादी त्याच्या हाती देऊ नये.

2. दर साधनाच्या स्मरणातून घेऊ नये, आपण पुरवावा. डॉलर, पौंड, युरो व येन यांचे संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढीत असे. 2018 च्या जुलैपासून ते एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. 1997 पासून एका डॉलरचे 3.6725 दिरहम होतात. म्हणून डॉलर 90 रुपये असेल, तर 90 ला 3.6725 ने भागले की दिरहम सुमारे 24.51 येतो. आपण घेतलेला दर यावर पडताळता येतो.

3. दराची दिशा व परिमाण पाहावे. एका दिरहमाचे 24.50 रुपये आणि एका रुपयाचे 0.0408 दिरहम हे एकच. पण उलटे भरले तर हिशेब पार कोलमडतो. येनचा संदर्भ दर 100 येनांचा असतो, एका येनचा नव्हे.

4. दशांश स्थळे तपासावीत. कुवेती दिनारचे 1,000 फिल्स होतात, म्हणजे तीन स्थळे लागतात; आपल्या रुपयाला दोन पुरतात.

5. आधी फाईलची प्रत काढून ठेवावी. दर भरण्यापूर्वी आणि नंतर रुपयांच्या खात्यांची शिल्लक पाहावी. ती एका पैशानेही हलता कामा नये. हलली, तर साधनाने नोंदींना हात लावला असे समजावे.

त्या रात्री मी जुनी प्रत पुन्हा उघडली आणि एकेक रक्कम पासबुकाशी ताडून पाहिली. आईच्या वहीत एका रुपयाचीही चूक निघाली नाही. बाबांनी ती वही स्वतः नेऊन तिच्या हाती दिली. मीही तिची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "यंत्राला विचारलंस, तसं आधी मला विचारायचं होतंस."

हिशेब म्हणा, की आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत लेक्क म्हणा, तो जुळवायचा तो मूळ कागदाशी. साधन बेरीज करील, तक्ता मांडील. पण त्या आकड्यांवरून घरात कोणाकडे बोट दाखवण्याआधी पासबुक उघडून पाहणे, हे काम आपलेच आहे.