माथ्यावरचा पदर

मराठीत 'पदर' हा शब्द तुम्हांला वारंवार भेटेल. साडीचे जे टोक खांद्यावरून मागे सोडतात किंवा डोक्यावर घेतात, तो पदर. उर्दूत आपण त्याला आँचल किंवा पल्लू म्हणतो. या एका शब्दावरून मराठीत कितीतरी वाक्प्रचार तयार झाले आहेत. स्वतःजवळचे पैसे खर्च केले तर ती 'पदरमोड' होते. जे वाट्याला आले ते 'पदरी पडते'. लाचार होऊन कोणापुढे काही मागितले, तर 'पदर पसरला' असे म्हणतात. आपण 'दामन फैलाना' म्हणतो, अगदी तसेच.

आज आपण पदराचीच माहिती घेणार आहोत. पण हा पदर तुमच्या घरातला नाही. तो जगातील ख्रिस्ती स्त्रियांच्या डोक्यावरचा आहे.

मुलामुलींनो, डोळ्यांसमोर एक चित्र आणा. पहाटेची वेळ आहे. एका प्रार्थनास्थळाकडे लोक निघाले आहेत. सर्वांच्या अंगावर पांढरी वस्त्रे आहेत. स्त्रियांनी पातळ, पांढरे सुती कापड डोक्यावरून घेतले आहे. दाराशी सर्वांनी पादत्राणे काढली. आत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. हे लोक कोण असतील? तुमच्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर एकच उत्तर आले असेल. पण हे आफ्रिकेतील इथिओपिया देशाचे ख्रिस्ती लोक आहेत. चौथ्या शतकात तेथील राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या आधी. स्त्रियांच्या डोक्यावरच्या त्या हातमागाच्या कापडाला 'नेतेला' म्हणतात. त्याच्या काठावर रंगीत विणकाम असते. प्रसंग आनंदाचा आहे की दुःखाचा, हे तो काठ कसा घेतला आहे यावरून जाणकारांना समजते.

ख्रिस्ती स्त्रियांच्या या चालीचे मूळ एका पत्रात सापडते. पौल नावाचे एक ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. इ.स. ५५ च्या सुमारास त्यांनी ग्रीस देशातील करिंथ या बंदराच्या गावी राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. हे पत्र आज बायबलमध्ये आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात ते सांगतात, की प्रार्थना करताना स्त्रीने डोके झाकावे. पुरुषाने मात्र प्रार्थनेच्या वेळी डोके झाकू नये, असेही तेथेच लिहिले आहे. आपल्याकडे पुरुष टोपी घालून नमाजला उभे राहतात. चर्चमध्ये शिरताना ख्रिस्ती पुरुष टोपी काढून हातात घेतो. दोघांच्याही मनात भाव आदराचाच असतो.

आता पाहा, पत्र एकच. पण ते वाचणारे लोक निरनिराळ्या देशांतले. काहींनी असा अर्थ घेतला, की चर्चमध्ये प्रार्थनेपुरते डोके झाकले म्हणजे पुरे. काही म्हणाले, प्रार्थना तर मनात केव्हाही सुरू होऊ शकते, मग दिवसभर डोके झाकलेले असावे. त्याच अध्यायात पुढे एक वाक्य असे आहे, की स्त्रीला लांब केस आच्छादनासाठीच दिलेले आहेत. ते वाक्य धरून काही जण म्हणाले, वेगळ्या कापडाची गरजच नाही. तिन्ही प्रकारचे लोक आजही जगात आहेत.

दिवसभर डोके झाकणाऱ्यांत अमेरिकेतील आमिश लोक प्रसिद्ध आहेत. हे मूळचे स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडचे. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात जाऊन राहू लागले. त्यांचा पंथ साधेपणाचा आहे. ते मोटार बाळगत नाहीत; घोडागाडीने जातात. स्त्रिया एकरंगी, लांब झगा घालतात आणि बटणांऐवजी बहुधा टाचण्या वापरतात. डोक्यावर पांढरी, पातळ कापडाची टोपी असते. या टोपीच्या चुण्या आणि आकार वस्तीगणिक बदलतो. आपल्याकडे नेसण्याच्या पद्धतीवरून बाई कोणत्या भागातली ते ओळखतात ना, तसेच ते लोक टोपीवरून ओळखतात.

रशियातील पद्धत निराळी. तेथे जुन्या काळी कुमारिकेची एक वेणी पाठीवर मोकळी दिसे. लग्नाच्या दिवशी मैत्रिणी ती सोडत, तिच्या दोन वेण्या घालत आणि त्या कायमच्या वस्त्राखाली जात. विवाहित स्त्रीचे केस परक्याने पाहणे ही लाजेची गोष्ट होती. रशियन भाषेत 'फजिती होणे' या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ 'उघड्या केसांनी दिसणे' असा आहे! भाषा जुन्या चालीरीती कशा जपून ठेवते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर तेथील सरकारने धर्माला दडपले. अनेक चर्च बंद झाली. ज्या थोड्या चर्चमध्ये प्रार्थना चालू राहिली, तेथे गर्दी असे ती डोक्याला रुमाल बांधलेल्या आजीबाईंची. तरुणांना नोकरीची भीती होती. म्हाताऱ्यांचे सरकार काय करणार? आज रशियातील कितीतरी चर्चच्या दाराशी रुमालांची टोपली ठेवलेली असते. जिच्याजवळ रुमाल नसेल तिने तो घ्यावा आणि जाताना परत ठेवावा.

स्पेनमधील स्त्रिया केसांत उंच फणी खोचून त्यावरून जाळीदार 'मांतिया' सोडतात. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात सेव्हिया शहरात काळ्या मांतिया घातलेल्या स्त्रिया दिसतात. मला मात्र त्यात नम्रतेपेक्षा थाट अधिक वाटतो. रोमन कॅथलिक पंथाने १९१७ च्या आपल्या कायद्यात स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असा नियमच घातला होता. १९८३ साली नवा कायदा आला, त्यात हा नियम नाही. तरीही काही स्त्रियांनी ही चाल सोडली नाही. नियम गेला, म्हणून सवय गेली असे होत नाही.

आता आपल्या देशात या. केरळात ख्रिस्ती धर्म फार जुना आहे. तेथील सिरियन ख्रिस्ती स्त्रिया पांढरे 'चट्टा' आणि 'मुंडू' वापरत. चट्टा म्हणजे सैल पोलके. मुंडू कमरेला नेसतात आणि त्याच्या चुण्या मागे पंख्यासारख्या सोडतात. चर्चला जाताना वरून 'कवणी' हे जरीकाठाचे पातळ वस्त्र घेतात. आता हा वेश बहुतेक आजीच्याच अंगावर दिसतो.

याच केरळाच्या दक्षिणेस त्रावणकोर हे संस्थान होते. येथे जे घडले ते नीट लक्ष देऊन वाचा. ज्यांना हलक्या जातीचे मानले जाई, त्यांच्या स्त्रियांनी वरच्या जातीच्या लोकांसमोर अंगाचा वरचा भाग झाकायचा नाही, असा तेथे रिवाज होता. ताडीच्या झाडांवर चढून पोट भरणारे नाडार लोक यांतच मोडत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुष्कळ नाडार लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या स्त्रियांना अंगभर कपडे घालून चर्चमध्ये जावेसे वाटले. सरकारने त्यांना सैल पोलके घालण्याची परवानगी दिली. सिरियन ख्रिस्ती आणि मोपला मुसलमान स्त्रिया घालतात तसलेच ते पोलके होते. पण नाडार स्त्रियांनी त्यावर खांद्यावरून वस्त्रही घेतले. ते वस्त्र म्हणजे उच्च जातीची खूण समजली जाई. मग भांडण पेटले. बाजारात, रस्त्यात स्त्रियांच्या अंगावरची वस्त्रे फाडण्यात आली. १८२९ साली सरकारने पोलक्याला हो म्हटले आणि वरच्या वस्त्राला मनाई केली. स्त्रिया मागे हटल्या नाहीत. १८५८ व १८५९ मध्ये पुन्हा दंगे झाले, घरे आणि प्रार्थनागृहे जाळली गेली. शेवटी १८५९ साली नाडार स्त्रियांना, मग त्या ख्रिस्ती असोत की हिंदू, अंग झाकण्याची मोकळीक मिळाली. तरी हुकमात एक अट होतीच: उच्च जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही!

सुमारे चाळीस वर्षे चाललेला हा लढा एका हातभर कापडासाठी होता, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या अंगावर काय घ्यायचे हे आपण ठरवायचे की दुसऱ्याने, हा तेथे खरा प्रश्न होता. गोव्यात याच्या उलट प्रकार घडला होता. तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते. १७३६ साली 'इन्क्विझिशन' या धर्मन्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, स्त्रियांनी चोळी घालायची नाही, असेही त्या हुकमात होते. मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली या न्यायालयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. एका ठिकाणी वस्त्र घेऊ नका म्हणून सक्ती झाली, दुसऱ्या ठिकाणी वस्त्र बदला म्हणून. दोन्ही ठिकाणी विचारले कोणालाच नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. तेथील लोकांनी त्यांना पुष्कळ शिकवले. परंतु रमाबाईंनी ना आपला शाकाहार सोडला, ना आपला वेश. धर्म बदलला म्हणजे साडीही बदलली पाहिजे, हे त्यांना पटले नाही. पुढे पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी निराधार स्त्रियांसाठी 'मुक्ती' ही संस्था चालवली. मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते छापून निघाले. करिंथकरांना लिहिलेले ते पत्र, ज्यात डोके झाकण्याची गोष्ट आहे, तेही रमाबाईंच्या मराठीत आहे.

रमाबाई इथल्याच होत्या. मदर तेरेसा मात्र युरोपातून आल्या. १९४८ साली कोलकात्याच्या गरीब वस्तीत कामाला निघताना त्यांनी जोगिणीचा जुना झगा उतरवला आणि निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसली, डोक्यावर पदर घेऊन. आज त्यांच्या संस्थेतील परदेशी भगिनीही तीच साडी नेसतात. या साड्या कोलकात्याजवळ टिटागढ येथे कुष्ठरोग झालेले विणकर विणतात. ज्यांच्या हातांना लोक शिवत नसत, त्या हातांचे कापड या भगिनी माथ्यावर घेतात.

आणि आपल्या जवळच्या वसईत? तेथील सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांचे लाल लुगडे प्रसिद्ध आहे. त्यांची प्रार्थना मराठीत होते, घरात सामवेदी बोली चालते. पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले. लुगडे राहिले. आता तरुण मुली ते सणाला आणि लग्नकार्यातच नेसतात. रोज नेसणाऱ्या आजीबाई थोड्या उरल्या आहेत. कधी वसईला गेलात, तर त्यांच्याशी मराठीत बोला. लुगडे कसे नेसतात, हे त्या आनंदाने सांगतील.

स्वाध्याय

१. करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचे कोणते तीन अर्थ लोकांनी घेतले?
२. सरकारने पोलके घालू दिले, तरी नाडार स्त्रियांनी वरचे वस्त्र का सोडले नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'पदरमोड करणे', 'पदरी पडणे', 'पदर पसरणे' यांचा वाक्यांत उपयोग करा. यांच्या जवळचे उर्दू मुहावरे शोधा.
४. तुमच्या आजीच्या लहानपणी तिच्या गावातील स्त्रिया घराबाहेर पडताना काय घालत? तिला विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.