‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

जिल्ह्याच्या गावी रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करताना पिवळ्या डोळ्यांची माणसं रोजच भेटतात. त्यांनीच शिकवलेलं थोडं सांगतो.

१. गळ्यात काविळीची माळ घालून आलेल्याला मी हसत नाही, तीन गोष्टी विचारतो. लघवी गडद होते का? शौचाला पांढुरकी, मातकट होते का? अंगाला खाज सुटते का? तिन्हींना ‘हो’ आलं की पित्ताची वाट अडल्याचा संशय घ्यायचा. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. नळीत अडकलेला खडा माळेला बधत नाही.

२. सुरुवात सोनोग्राफीनेच. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत रुंद असते. वय वाढलेलं असेल किंवा पित्ताशय काढलेलं असेल तर थोडी जास्तही चालते. ती फुगली असेल तर सोनोग्राफी लगेच सांगते. का फुगली, हे मात्र पुष्कळदा सांगत नाही, कारण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूआड दडतं. एकदा मी रिपोर्टात लिहिलं, ‘खडा दिसत नाही’. घरच्यांनी वाचलं, ‘खडा नाही’. बाई दोन आठवड्यांनी थंडीतापाने फणफणून परत आल्या. चूक माझ्या वाक्याची होती. तेव्हापासून मी लिहितो, ‘खालचं टोक वायूमुळे तपासता आलं नाही, पुढची तपासणी करावी.’

३. सीटी महाग म्हणून जास्त खरी, असं नसतं. पित्ताचे कितीतरी खडे सीटीवर पित्ताच्याच रंगाचे दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. एका निवृत्त मास्तरांची सीटी स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय केला, तर पांढऱ्या धारेत तीन काळे दाणे. या एमआरआयमध्ये साचलेलं पाणी आणि पित्त पांढरंशुभ्र उमटतं, त्यामुळे नळीचं चित्र काढायला शिरेतून औषध द्यावं लागत नाही. जठरातलं पाणी मध्ये येऊ नये म्हणून काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे ते पाणी काळं पडतं. मास्तरांना यंत्रापेक्षा रसाचंच अप्रूप जास्त.

४. एमआरसीपीही फसवते. हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. उताण्या माणसात हवा वर तरंगते, खडा तळाशी बसतो. हे आडव्या छेदात कळतं. नळीवरून जाणारी रोहिणी कधी खोटी अरुंद जागा दाखवते. म्हणून नळ्यांचं ते देखणं, झाडासारखं चित्र बघून मी रिपोर्ट लिहीत नाही, मूळचे पातळ काप एकेक करून पाहतो.

५. न दुखता चढत जाणारी कावीळ आणि हाताला लागणारं फुगलेलं पित्ताशय असेल, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी, हे कूर्वाझिए या सर्जनने १८९० मध्येच नोंदवलं. इथे मी सीटी आणि एमआरसीपी शेजारीशेजारी लावतो. एमआरसीपीवर पित्ताची आणि स्वादुपिंडाची अशा दोन्ही नळ्या फुगून एकाच जागी तुटल्यासारख्या दिसल्या की बोट तिथे ठेवायचं आणि सीटीवर तीच पातळी शोधायची. गाठ आहे का, शेजारच्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, हे तिथे कळतं. शस्त्रक्रिया शक्य की नाही, याचा बराचसा निर्णय त्यावर ठरतो. नळीच्या मुखाशी अडकलेला खडाही दोन्ही नळ्या फुगवू शकतो, आणि स्वादुपिंडाची एक सूज हुबेहूब कर्करोगासारखी दिसून स्टेरॉइडने ओसरते. म्हणून पहिल्याच नजरेत ‘कॅन्सर’ म्हणू नये.

६. आधी चित्रं, मग स्टेंट. एक गृहस्थ नळीत धातूचा स्टेंट टाकूनच आले. नळी आकसलेली, आजूबाजूला सूज, सीटीवर धातूच्या रेघा. गाठीची कड काही सापडेना. अपवाद एकच: हुडहुडी भरून ताप, रक्तदाब खाली, नळीत पू झाल्याची लक्षणं. तिथे चित्रांसाठी थांबू नये, आधी वाट मोकळी करावी.

७. ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत शिरणं, आता मुख्यतः उपचारासाठी ठेवावी. नुसतं बघायला म्हणून नको, तिने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. बारीक खड्याची शंका राहिलीच, तर दुर्बिणीतून आतली सोनोग्राफी करावी.

माझ्याकडे किंवा कुणाकडेही येताना नुसता शेवटचा रिपोर्ट आणू नका. जुन्या फिल्म, सीडी, अगदी पहिली सोनोग्राफीसुद्धा, सगळं एका पिशवीत घालून आणा.