रस्ता ओलांडण्याचा हिशेब

पूर्वी गावच्या रस्त्याने बैलगाड्या जात. घुंगरांचा आवाज आला की माणूस सावकाश बाजूला होई. आता त्याच रस्त्याने ट्रक, मोटारी आणि फटफट्या धावतात. बाजाराच्या दिवशी एका बाजूला एस.टी.चा थांबा, दुसऱ्या बाजूला भाजीची दुकाने. पलीकडे जायचे म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

“गाडी लांब आहे, तेवढ्यात जाऊ,” असे आपण म्हणतो. पण लांब म्हणजे किती? आता आपल्याला आकडे येतात. हिशेब करून बघू या.

समजा, गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. म्हणजे ती एका मिनिटात १ किलोमीटर जाते. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर. मिनिटाचे सेकंद ६०. तेव्हा ६ सेकंदांत ती १०० मीटर येते.

दोन गाड्या जातील असा रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. तो ओलांडायला धडधाकट माणसाला सुमारे ६ सेकंद लागतात. म्हणजे १०० मीटरवरची गाडी तुम्ही पलीकडे पोचता पोचताच अंगावर येते! डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला, काठी टेकणाऱ्या आजोबांना १० सेकंद लागले, तर दीडशे मीटरवरची गाडीसुद्धा जवळचीच समजा.

तीच गाडी ताशी ३० किलोमीटरने आली, तर ६ सेकंदांत ५० मीटरच येईल. ब्रेक दाबल्यावर लवकर थांबेल. म्हणून वस्तीत गाडीचा वेग कमी हवा.

आपण काय करावे?

१. आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून पहिली गाडी उजवीकडून येते.

२. थांबलेल्या एस.टी.च्या पुढून जाऊ नका. मागची गाडी तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही तिला दिसत नाही. एस.टी. जाऊ द्या, मग निघा.

३. पांढरे पट्टे असतील तिथूनच ओलांडा. तिथे पायी माणसाला आधी जाऊ देणे हे गाडीवाल्याचे काम आहे. तरी गाडी थांबली हे बघूनच पाऊल टाका.

४. पोराचा हात धरा. बोट नव्हे, मनगट धरा.

पण बाबांनो, पायी माणसाने एकट्याने जपून भागत नाही. रस्ताही नीट हवा. ग्रामसभेत विषय मांडा. शाळेपाशी आणि एस.टी. थांब्यापाशी पांढरे पट्टे, गतिरोधक, पाटी आणि दिवा हवा, असा ठराव करा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे ग्रामपंचायतीत विचारा. त्या कचेरीत अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या मनाने मातीचा उंचवटा मात्र घालू नका. अंधारात एखादा फटफटीवाला त्यावरून पडेल. एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव जायला नको.

अर्जावर अंगठा उठवू नका. आता तुम्हाला लिहिता येते. ठळक अक्षरात सही करा.

करून बघा

१. तुमच्या गावचा रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात? घड्याळ लावून मोजा.
२. गावात सर्वांत धोक्याची जागा कोणती? तिचे नाव वहीत लिहा.
३. त्या जागेसाठी चार ओळींचा अर्ज लिहा.