सगळं बंद करू नकोस, आधी ऐक

मॅस्टोडॉनवर जायचं म्हणतेस ना, जा बाई, खुशाल जा. पण जुनं खातं आजच्या आज उडवायचं म्हणतेस, तेवढं मात्र थांबव.

तुझा राग मला कळतो. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यावर पहाटे थंडीत जाऊन तू पक्ष्यांचे फोटो काढायचे, ते कुणाला दिसायचेसुद्धा नाहीत. आणि कुठल्यातरी परराज्यातला बिबट्याचा जुना व्हिडिओ कुणी ‘ओतूरजवळ, आत्ताचा’ म्हणून टाकला, की जेवणं उरकायच्या आत डिंगोऱ्यात घरोघरी पोचलेला असतो. जिथे उसातून खरोखर बिबट्या निघतो आणि रात्रीच्या लायटीवर पाणी भरायला जावंच लागतं, तिथे असली खोटी भीती म्हणजे थट्टा नाही. पण तुझं जुनं खातं आहे त्या ॲपला खरं-खोटं कुठे कळतं? ज्यावर माणूस थबकतो ते पुढे ढकलायचं आणि मधेमधे जाहिराती दाखवायच्या, एवढंच त्याचं गणित. भीतीवर माणूस थबकतोच.

मॅस्टोडॉनवर हे गणितच नाही. ऑयगेन रॉख्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं. जाहिराती नाहीत, आणि तू ज्यांना फॉलो करतेस त्यांच्याच पोस्ट आल्या त्या क्रमाने दिसतात. एकच मोठी कंपनी नाही. कुणीही आपला सर्व्हर उभारावा, आपले नियम लावावेत. आपल्याकडे गावाच्या वाड्या वेगवेगळ्या असतात, प्रत्येक वाडीचा कारभार ज्याचा त्याचा, पण या वाडीतून त्या वाडीत जायला कुणी अडवत नाही, तसंच ते. सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची जी पद्धत आहे, ॲक्टिव्हिटीपब, तिला वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यताही दिली.

आता कडू भाग. आपल्या देशात मॅस्टोडॉनवर जायची लाट २०१९ च्या नोव्हेंबरात येऊन गेलीय. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. कारण काय, तर नाझी सलाम करायला नकार देणाऱ्या एका माणसाचा जुना, गाजलेला फोटो त्यांनी लावला होता. लोक चिडले, मॅस्टोडॉनवर धडाधड खाती उघडली. त्यातले बरेच जण पुढे गुपचूप परत ट्विटरवर. २०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्कने ४,४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा जगभर तेच झालं: मॅस्टोडॉनवर महिन्याला येणारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले आणि काही आठवड्यांतच ओसरायला लागले. मला विचारशील तर यातले पुष्कळ जण भांडून निघाले होते, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे मागेच राहिले होते. मग नव्या जागी करायचं काय?

म्हणून तू तिथे कशासाठी जातेयस ते आधी ठरव. पक्ष्यांसाठी जातेयस ना? मग तुला तिथे माणसं भेटतील. तुझ्या मासवडीच्या ऑर्डरींसाठी जात असशील तर सोड तो नाद. आळेफाट्याचं, नारायणगावचं, कल्याणचं तुझं गिऱ्हाईक मॅस्टोडॉनवर नाही आणि तुझ्यासाठी येणारही नाही. ते तुला फोन करतं, तर त्यांचे नंबर एका वहीत उतरवून ठेव. खरंच वहीत, हसू नकोस. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ ॲप बंद केली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या किती पोरींचे लाखालाखाचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. त्यांच्या हातात एकाचाही पत्ता नव्हता.

‘लहान आणि आपलं’ म्हटलं की सगळं सुरक्षित, असंही धरून चालू नकोस. ‘कू’ आठवतं? पिवळा पक्षी, मराठीत लिहायची सोय, मंत्र्यांची खाती. २०२० मध्ये आलं, जुलै २०२४ मध्ये बंद. ते लहान होतं, पण चावी एकाच कंपनीच्या खिशात. ब्लूस्कायचं नाव तू घेतलंस. ते वापरायला सोपं आहे, माणसंही जास्त आहेत. पण कागदावर कितीही विकेंद्रित असलं तरी बहुतेक खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. याउलट आपल्या मराठी माणसांचं मायबोली बघ. १९९६ पासून चालू आहे. मधल्या काळात ऑर्कुट आलं, सगळ्यांनी तिथे गप्पांचे अड्डे जमवले, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंदही झालं. मायबोली आहे तिथेच आहे, कारण चालवणाऱ्यांना ती चालवायची आहे.

सर्व्हर निवडताना हेच बघ: चालवतं कोण, पैसा कुठून येतो, नियम काय लिहिलेत. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर, बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी सांगू, असं कबूल करतात. नाहीतर एकटाच माणूस हौसेने चालवत असतो आणि थकला की आवरतं घेतो. २०२२ मध्ये एक नावाजलेला सर्व्हर असाच मिटला. सर्व्हर बदलला तर तुझे फॉलोअर्स तुझ्यामागे येतात, पोस्ट मात्र तिथेच राहतात. तेव्हा मूळ फोटो घरच्या हार्डडिस्कवर हवेतच. जुन्या खात्यातूनही सगळी माहिती मागवून घे, सेटिंगमध्ये सोय असते.

आणखी एक. तिथले खासगी मेसेज व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ठरवलं तर वाचता येतात. घरच्या भानगडी मला फोनवरच सांग. कुणी त्रास दिला तर लगेच ब्लॉक कर. मराठीतली शिवी परदेशातल्या चालकाला कळेलच असं नाही, तक्रार करताना अर्थ लिहून द्यावा लागेल.

पहिले काही आठवडे तुला ओसाड वाटेल. तिथे तुला कुणी उचलून पुढे करणार नाही. आपली ओळख आपणच करून द्यायची, हॅशटॅग घालायचे, दुसऱ्याचं आवडलं तर बूस्ट करायचं, म्हणजे आपल्या लोकांपुढे ठेवायचं. नुसतं लाइक केलंस तर ते कुणापुढे जात नाही. आणि तिथली एक रीत मला फार आवडते: फोटोसोबत त्याचं वर्णन लिहायचं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ‘सुंदर सकाळ’ लिहून भागत नाही. पाणी कुठवर आलंय, पक्षी किती, मागे माळशेजचे डोंगर ढगात आहेत की मोकळे, सगळं लिहावं लागतं. मराठीत लिही. तुला लिहिता येतं, कॅप्शनच्या नादात तू ते विसरलीयस.

बिबट्याचं मात्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहू दे. सासूबाई काही मॅस्टोडॉन उघडणार नाहीत. स्वतः बघितलेलं असेल तरच टाक, जागा आणि वेळ घालून, आणि वनखात्याचा १९२६ नंबर त्याच मेसेजात दे.

जुनं खातं दिवाळीपर्यंत राहू दे. वर एक ओळ टाक, नवा पत्ता आणि ऑर्डरीचा नंबर. ॲप फोनवरून काढलंस तरी खातं राहतं, तेवढ्यानेही तुझी झोप सुधारेल. आणि उघडलंस की मला नुसतं नाव पाठवू नकोस, पुढचं सर्व्हरचं नावही पाठव. त्याच नावाची दुसरी कुणीतरी दुसऱ्या सर्व्हरवर असते आणि मी तिलाच ‘अगं जेवलीस का’ विचारत बसेन.