दिलेला शब्द आणि बोलीतील त्याची रूपे

काही वर्षांपूर्वी पालकभेटीच्या एका रविवारी सातवीतील एक विद्यार्थी सायंकाळपर्यंत वसतिगृहाच्या फाटकापाशी बसून होता. “वडील आले नाहीत का?” असे विचारताच तो म्हणाला, “टांग दिली सर त्यांनी.” वडिलांविषयी असे बोलू नये म्हणून मी त्याला रागावलो. नंतर विचार करता वाटले की, याहून नेमका शब्द माझ्यापाशी तरी कुठे होता? प्रस्तुत लेखाचे बीज त्या प्रसंगात आहे.

आपल्या बोलीत वचनाला ‘शब्द’ असेच म्हणतात. तो देतात, पाळतात, मोडतात, फिरवतात. यांपैकी ‘शब्दाला जागणे’ हा प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो. खाल्ल्या मिठाला जागावे, तसे बोलल्या शब्दाला जागावे. शब्द देऊन मनुष्य मोकळा होत नाही. त्यावर त्याला राखण करीत बसावे लागते, असा भाव त्या क्रियापदात आहे.

शपथेचे स्वरूप निराळे आहे. मुले गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘गळ्याशप्पथ’ म्हणतात. ‘आईशप्पथ’ हा शब्द तर आता नुसत्या आश्चर्याचा उद्गार होऊन बसला आहे. मराठेशाहीत बेलभंडार उचलून शपथ घेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: शब्दाला कोणीतरी जामीन लागतो. कधी देव, कधी आई, कधी स्वतःचा गळा. आपल्या पंचशीलात मात्र जामीन कोणीच नाही. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः ग्रहण करतो. वर्गात हा भेद सांगितला की, मुले थोडा वेळ गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

शब्द मोडण्याचे शब्दभांडार मात्र पाळण्यापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. टांग देणे, कल्टी मारणे, पलटी खाणे, टोपी घालणे, चुना लावणे ही आजच्या मुलांची भाषा. तोंडाला पाने पुसणे, वाटाण्याच्या अक्षता लावणे, कोपराला गूळ लावणे ही आजीच्या तोंडची. कोपराला गूळ लावण्यात केवढी निष्ठुर विनोदबुद्धी आहे पाहा! गूळ खरा, तो आपल्याच अंगाला लागलेला. पण जीभ तेथवर पोहोचत नाही. आश्वासनांवर जगलेल्या माणसानेच ही प्रतिमा घडविली असावी. (‘गाजर दाखवणे’ अलीकडचे, वर्तमानपत्री, त्यात ही धार नाही.)

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतो. शब्द मोडणारा कोण, यावर शब्द बदलतो का? पुढारी बोलणे बदलतो तेव्हा त्याने ‘घूमजाव’ केले असे छापून येते. गरिबाने तेच केले तर त्याने ‘बुडवले’. आणि ज्यांच्या शब्दावर गाव विश्वास ठेवीत नसे असे आपण समजतो, त्यांचाच शब्द गावाला लागे. पूर्वीच्या गावगाड्यात सीमेचे तंटे निघाले की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या बोलण्यावर वेस कोठे आहे हे ठरे!

दीर्घकाळ जागलेल्या शब्दाचे आपल्या जवळचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पूर्ण झाली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासात घालविली. या काळात त्यांना किती तऱ्हेची गाजरे दाखविली गेली असतील, याची कल्पना करावी.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. एक कोयता म्हणजे पतिपत्नींची जोडी. तिच्या नावावर मुकादमाची उचल. ती फिटेपर्यंत टोळी सोडून येणे सोपे नसते. वडिलांनी एक शब्द मुकादमाला दिला होता, दुसरा मुलाला. आणि उचल फक्त पहिल्यावर मिळाली होती. हे मला पुढे त्या मुलानेच सांगितले, अगदी सरळपणे, ‘टांग’ हा शब्द न वापरता. हंगाम संपल्यावर वडील भेटीला आले, तेव्हा मीही फाटकापर्यंत गेलो.