जमिनीखालचा सात-बारा

दिनांक २६ ऑगस्ट २०२२ रोजी सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील आमराई प्रभागात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. हादरे जाणवताच घरातील मंडळी बाहेर पडली, म्हणून जीवितहानी टळली. घराच्या जागी साठ-सत्तर फूट खोल भगदाड उरले. परिसरातील दीडशेच्या आसपास कुटुंबांना अन्यत्र हलवावे लागले. त्या वस्तीखाली जुन्या काळची भूमिगत कोळसा खाण होती.

या घटनेनंतर कोळसा पट्ट्यातील एका गावी झालेल्या सभेत एका शिक्षकबंधूंनी विचारलेला प्रश्न मोलाचा वाटतो. "सात-बारा कोरा आहे, बोजा नाही, वारसांच्या सह्या आहेत, मग घर घेण्यास अडचण ती कोणती?" अडचण अशी की, सात-बारा उतारा हा भूपृष्ठाचा दाखला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये खनिजांवरील हक्क शासनाकडे निहित आहे. आपल्या परसाखालून कोळसा काढून नेला गेला आहे किंवा कसे, याची नोंद तलाठी दप्तरात सापडत नाही. कर्ज देणारी बँकही हक्काची कागदपत्रे आणि इमारतीचे मूल्य तपासते. तेव्हा कर्ज मंजूर झाले म्हणजे जमीन भक्कम ठरली, असे समजणे चुकीचे होय.

जमीन खचण्याची कारणे सर्वत्र सारखी नाहीत. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून पोकळ्या निर्माण होतात. विंटर पार्क येथे १९८१ च्या मे महिन्यात अशाच एका विवराने घर आणि मोटारी गिळल्या. आपल्याकडील बहुतांश भूभाग बेसाल्टचा असून हा खडक तसा विरघळत नाही. चंद्रपूर-यवतमाळ भागात चुनखडी आहे, हे खरे. परंतु वर्धा खोऱ्यातील खरा प्रश्न मानवनिर्मित पोकळ्यांचा आहे.

भूमिगत खाणीत कोळशाच्या थरातून एकमेकांना छेदणारे बोगदे काढतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब छताच्या आधारासाठी राखतात. पुढे हे खांबही काढावयाचे असल्यास छत कोसळू दिले जाते किंवा पोकळीत वाळूची भराई करतात. वाळू नीट भरली असेल तर धोका पुष्कळच कमी होतो. खांब तसेच सोडलेले असतील, तर पाणी आणि हवेने ते वर्षानुवर्षे झिजत राहतात. छताचे थर एकेक करून गळतात आणि पोकळी हळूहळू वर सरकू लागते. खाण खोल असेल तर कोसळलेल्या खडकाचा चुरा मूळ खडकापेक्षा अधिक जागा व्यापतो व पोकळी वाटेतच बुजते. उथळ खाणीत मात्र ती बुजण्यापूर्वीच भूपृष्ठाशी येऊन पोहोचते. पावसाळ्यात वरची माती पाण्याबरोबर आत वाहून जाऊ लागली की एका रात्रीत भगदाड पडते. खाण बंद होऊन चाळीस-पन्नास वर्षे लोटली म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच.

अशा भागात घर घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम खाणीचा नकाशा पाहावा. खाण सोडताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे सादर करणे बंधनकारक असते. या संचालनालयाचे कार्यालय नागपूर येथेही आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी असल्याने तिच्याकडेही माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो. अर्जात सर्व्हे क्रमांक देऊन नेमके विचारावे: या जागेखाली खोदकाम झाले आहे काय, किती खोलीवर, खांब राखले की काढले, आणि वाळूभराई झाली काय? राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खाणींचे नकाशे अपुरे असू शकतात. म्हणून "नोंद आढळत नाही" या उत्तराचा अर्थ "खाण नाही" असा घेऊ नये. गावातील वृद्ध खाणकामगारांना जुने मोहरे कोठे होते हे पुष्कळदा तोंडपाठ असते. त्यांना विचारण्यात कमीपणा नाही.

त्यानंतर घर पाहावे. काळ्या जमिनीवरील घरांना तडे जातातच, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. त्यामुळे तिने पाडलेले तडे ऋतूप्रमाणे रुंदावतात आणि मिटतात. जमीन खचल्याने पडलेला तडा मिटत नाही, वाढतच जातो. त्याच्या जोडीला दारे चौकटीत अडकणे, अंगणात बशीसारखा खोलगट भाग होऊन पाणी साचणे, विजेचे खांब कलणे, विहिरीचे पाणी अचानक उतरणे अशी चिन्हे दिसली, तर विसार देण्याची घाई करू नये. नुकताच रंग दिलेल्या घराच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या भिंती पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

कायदा खरेदीदाराच्या बाजूने काही अंशी उभा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणून खाणीविषयीचे विक्रेत्याचे निवेदन खरेदीखतात लेखी घ्यावे. साध्या स्टॅम्प कागदावर घेतलेल्या भूखंडाबाबत असा हक्क शाबीत करणे अतिशय कठीण जाते, आणि निवृत्त कामगाराची भविष्य निर्वाह निधीची पुंजी बहुधा अशाच भूखंडात अडकते. विम्याचेही तसेच. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' विम्यात घराखालची जमीन खचण्याचा समावेश आहे. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, सदोष बांधकाम यांतून झालेली हानी त्यातून वगळलेली आहे. भराव घालून पाडलेल्या भूखंडांवर हा अपवाद नेमका आडवा येतो.

ग्रामपंचायतींच्या हाती एक साधन आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार बांधकामास परवानगी देताना खाणक्षेत्राचा नकाशा पंचायत कार्यालयात लावलेला असेल, तर अर्जदाराला तेथल्या तेथे सावध करता येईल. शाळेलाही एक काम करता येण्यासारखे आहे. भिंतीच्या तड्यावर काचेची अरुंद पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंस घट्ट बसवावी व तिच्याखाली तारीख लिहावी. भिंत सरकत असेल तर काच तडकते. अशी पट्टी तडकल्याचे आढळताच त्या घरातील कुटुंबाने अन्यत्र राहावयास जावे आणि तहसील कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे.